राखणीची ऊब

लाल लोकरीचा बोटभर धागा हलत नव्हता. हीट पंपाच्या झडपेला तो बाबांनी बांधलेला—धागा उडाला तर समजायचं की आत काहीतरी चाललंय, नुसत्या हिरव्या दिव्यावर जायचं नाही, दिवा काय, कुणीही लावून बसेल, असं त्यांचं म्हणणं—आणि आता दिवा छान हिरवागार होता आणि धागा मात्र सरळ खाली लोंबत होता. राइया खुर्चीवर चढली. हात वर करून झडपेपाशी धरला. हवा येत होती असं म्हणवत नव्हतं आणि येत नाही असंही म्हणता येईना. झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे बोट धरावं तशी ती कितीतरी वेळ हात धरून उभी राहिली. जे काय येत होतं त्यात ऊब नव्हती. मग गुडघा कुरकुरला, तशी ती खाली उतरली आणि खुर्ची जागेवर ठेवून दिली.

खिडकीबाहेरचा पारा उणे सव्वीसवर. फेब्रुवारीत तळ्याकाठी यात नवल काही नाही, आणि इतक्या थंडीत ही यंत्रंही थकतात, हे तिला माहीत होतं. पण थकणं वेगळं आणि असं तोंड फिरवून बसणं वेगळं. काल ओउलूहून, मैत्रिणीकडून परतली तेव्हाच तिला कळायला हवं होतं. टॅक्सी फाटकापाशी सोडून गेली, दार उघडलं, आणि आत शिरताच आधी आली ती थंडी आणि तिच्या मागोमाग, अगदी पुसट, वेलचीचा वास. बंद थंडगार घरात वेलची! तिला क्षणभर आई आठवली, ओट्यावर पीठ मळणारी, आणि मग स्वतःचीच कीव आली—दमलं की माणसाला काय काय वास यायला लागतात. रिमोट साखरेच्या डब्यामागे नव्हता. तिथेच तर ती ठेवते. टेबलावर नाही, पलंगाखाली नाही, पिशवीत तर नाहीच नाही... शेवटी भिंतीतल्या विटांच्या शेगडीत लाकडं घातली, दोन स्वेटर चढवून पडली आणि झोपून गेली. सकाळी खोलीची शेगडीकडची बाजू बरी होती. खिडकीकडची भांड्यातल्या पाण्यासारखी गार.

बाहेरचं युनिट बघायला ती झाडू घेऊन गेली. जोडे घालून, टोपी ओढून, पावडरसारखा कोरडा बर्फ तुडवत घराच्या मागे. रात्री नवा बर्फ पडलेला, त्यामुळे सगळं कसं कोरं, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. युनिटच्या डोक्यावर बर्फाची हातभर टोपी चढली होती, ती तिने पाडली. पंख्याच्या जाळीवर पांढरी लव होती, ती झाडूच्या काड्यांनी हलकेच खरवडली—जोरात नाही, आतले पत्रे वाकतात, बाबा ओरडायचे—आणि वाट पाहिली. कधी कधी तो बर्फ वितळवायला थोडा थांबतो, मग गदगदून वाफ सोडतो आणि पुन्हा लागतो, एखाद्या म्हाताऱ्याने खाकरून घसा मोकळा करावा तसा. आज खाकरणं नाही, वाफ नाही. घुम्यासारखा बसून होता. 'बोल ना रे,' ती म्हणाली, आणि मग आजूबाजूला बघितलं, कारण यंत्रांशी बोलणाऱ्या एकट्या बायकांबद्दल लोक काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. आजूबाजूला तळं होतं फक्त.

मग आतल्या जाळ्या. झाकण वर उचलून दोन्ही फिल्टर काढले आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, शेजारच्या न्हाणीत कोमट पाण्याखाली धरले, तर राखाडी लव नुसती वाहतच राहिली. सहा वर्षं—बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून सहा वर्षं—ही जाळी तीच धुते, तीच पुसते. मिक्केलीतलं आपलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड मोडून ती इथे आली तेव्हा ती काम करायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी विचारलं होतं, आणि नंतर? नंतरचं काय? तेव्हा ती म्हणाली होती, नंतरचं नंतर. आणि नंतर आलं. बाबा गेले, आणि दफनाच्या संध्याकाळी दोघी बहिणी सौनात वरच्या फळीवर बसल्या, घामाने आणि रडण्याने सारख्याच भिजलेल्या, आणि धाकट्या मार्युतने तिच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकलं. 'घर दोघींच्या नावावर राहू दे,' ती म्हणाली, 'पण घर तुझं. तुला हवं तोवर तुझं. कागदबिगद कशाला, आपण काय परक्या आहोत?' राइयाने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ अशी चढली की दोघींनाही बोलता येईना. कागदाचं तिच्या मनात आलं होतं. आलं होतं आणि तिची तिलाच लाज वाटली होती. धाकट्या बहिणीकडे कागद मागायचा!

तिने फिल्टर झटकले, सुकवले, बसवले, झाकण टक्क करून लावलं. फ्यूज पाडला, थोडी थांबली, उचलला. झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली, दिवा लागला... आणि पुन्हा तेच. तेवढं सगळं आटोपल्यावर तिने मार्युतला ताम्पेरेला फोन लावला. अडलं की मार्युत, ही लहानपणापासूनची उलटी गंगा. अडायची थोरली आणि सोडवायची धाकटी.

"आधी फिल्टर बघ," मार्युत म्हणाली. "यौको म्हणतो, निम्म्या वेळा फिल्टरच असतो." यौको म्हणजे तिचा नवरा.

"धुतला. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर आहेत त्यापेक्षा जास्त केस निघाले."

मार्युत खळखळून हसली. ते हसणं राइयाला आवडायचं. "आणि बाहेरचं? बर्फ धरलाय का त्याने?"

"झाडून आले. काही नाही, नुसता बसलाय. फ्यूजपण पाडून बघितला."

"मग रिमोटवर काय दिसतंय?"

"रिमोट सापडतोय कुठे! काल आल्यापासून शोधतेय. साखरेच्या डब्यामागे असतो, तिथे नाही."

"होल्डरमध्ये बघितलंस?"

"कुठल्या होल्डरमध्ये?"

पलीकडे भांडी धुवायच्या यंत्राची घरघर ऐकू आली. मग मार्युत बोलायला लागली ती भराभर. "नाही, म्हणजे... बाबा ठेवायचे ना कुठेतरी दाराजवळ, ते आठवलं. जाऊ दे. असेल तिथेच कुठेतरी, मिळेल. पण राइया, तो पंप म्हातारा झालाय गं. आणि खरं सांगू, रागावू नकोस... तूसुद्धा हल्ली विसरतेस. मागे सौनाचं दार उघडं राहिलं होतं. यौको म्हणत होता—"

"यौको हल्ली फार म्हणतो."

"बरं, यौकोचं सोड. मी म्हणते. इकडे ये थोडे दिवस. आमची मागची खोली रिकामीच आहे. तू तिथे एकटी लाकडं फोडतेस, बर्फ उपसतेस, आता पंप बंद... हे काय जगणं आहे?"

"बाबा असेच जगले की."

"बाबांजवळ तू होतीस," मार्युत म्हणाली. "तुझ्याजवळ कोण आहे?"

बघते, विचार करते, असं काहीसं पुटपुटून राइयाने फोन ठेवला आणि टेबलाशी बसून राहिली, डोळे भरून आलेले, आणि त्या भरून येण्यातही एक सुख होतं—कुणीतरी आपलं, दूर शहरात, कामाच्या घाईत, आपण थंडीत आहोत म्हणून अस्वस्थ झालंय. जावं का? थोडे दिवस? मागच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, जिरॅनियमच्या कुंड्या तिथे राहतील... तिने मनातल्या मनात कुंड्या मांडूनही पाहिल्या. हो म्हणायला तिला फार तर संध्याकाळ लागली असती.

आधी लाकडं आणू, मग बघू, असं म्हणून ती उठली आणि शाल घ्यायला दाराशी गेली. तिची लांब लोकरीची शाल दाराजवळच्या पहिल्या खुंटीला असते, वर्षानुवर्षं तिथेच असते, इतकी की तिच्यामागे भिंतीवर काय आहे हे राइया विसरून गेली होती. शाल दुसऱ्या खुंटीवर होती. नीट, खांद्यावरून घडी घालून टांगलेली. आणि पहिल्या खुंटीखाली, बाबांनी दोन स्क्रूंनी ठोकलेल्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये, सरळ उभा, रिमोट होता.

तिने तो उचलला. पडद्यावर दहा. दहाच्या शेजारी छोटंसं घर, छप्पर आणि दार असलेलं, लहान मुलं काढतात तसं.

राखणीची ऊब, बाबा म्हणायचे तिला. घर बंद करून जाताना लावायची ऊब. ती माणसांसाठी नसतेच. पाइपांसाठी असते, पाणी गोठून ते फुटू नयेत एवढ्यापुरती. हे घर फक्त सुट्टीचं होतं, सगळे मिळून इथे यायचे, त्या काळातला हा बाबांचा नियम: शेवटी निघेल त्याने शेगडीची झडप बंद करायची, पंप दहावर टाकायचा, रिमोट होल्डरमध्ये उभा करायचा आणि मग मागे वळून न बघता कुलूप लावायचं. गाडीत बसल्यावर ते विचारायचेच—'राखण लावली?' आणि मार्युत म्हणायची, लावली हो लावली, झोपेतसुद्धा लावेन. इथे राहायला आल्यापासून राइयाने ते बटण एकदाही दाबलं नव्हतं. ओउलूला निघतानाही नाही. अठरावर ठेवून गेली होती, जिरॅनियमसाठी म्हणून, पण खरं कारण निराळं होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. राहत्या घराला राखण कशाला? मी राहते ना इथे. मी चार दिवस गावाला गेले होते, घर सोडून गेले नव्हते.

म्हणजे पंप बिघडलाच नव्हता. शेगडीने खोली दहाच्या वर नेली होती, तेव्हा आपलं काम झालं असं समजून तो बिचारा गप्प बसला होता. सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होता. या घरात तेवढाच एक!

पण थांब... घाई नको. मीच केलं असेल का? टॅक्सी हॉर्न देत होती, बॅगेची चेन अडकली होती, तेवढ्यात जाता जाता, जुनी सवय, हात आपोआप... आणि शाल? शालही मीच हलवली असेल. सौनाचं दार मीच उघडं ठेवलं होतं ना. मार्युत म्हणाली विसरतेस, तर विसरत असेन, विसरणाऱ्याला आपण विसरतो हे कुठून आठवणार... तिने मनापासून प्रयत्न केला. आपण वेंधळ्या झालो आहोत, आपल्याला काही आठवत नाही, यावर विश्वास ठेवायचा तिने असा प्रयत्न केला की कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं ही बाई देवाकडे काहीतरी मागते आहे. वेडी ठरलेलं चालेल, पण ते दुसरं नको. कॉफी घेतली तर डोकं ताळ्यावर येईल म्हणून ती ओट्याशी गेली आणि आपला तपकिरी मग घ्यायला सिंकवरचं भांडी निथळायचं कपाट उघडलं.

त्या मगाशेजारी, तारांच्या फळीवर पालथे, निळ्या काठाचे चार कप होते. आईचे. काचेच्या कपाटातले, पाहुण्यांचे. बाबांच्या दफनानंतर कुणी त्यांना हात लावला नव्हता. चार कप, चार बश्या, आणि मागे उभी केलेली बेकिंगची थाळी, घासून लख्ख.

वेलची. म्हणजे तो मला भास झाला नव्हता. पुल्ला भाजला होता इथे, गोड पाव, वेलची घातलेला, माझ्या भट्टीत, माझ्या थाळीवर! घरात शिरणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. राइयाने कपाट बंद केलं, पुन्हा उघडलं. कप कोरडे होते. मार्युत कप नेहमी असेच लावते, कान एकाच दिशेला.

अंगणात ट्रॅक्टरची धडधड आली. ताइस्तो, तळ्याच्या वरच्या अंगाचा शेजारी, रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारत फाटकातून आत येत होता. ती शाल न घेताच बाहेर गेली. त्याने तिला पाहून इंजिन मंद केलं आणि दार उघडून खाली वाकला.

"आलीस होय गं! मला वाटलं ओउलूलाच नवरा बघितलास."

"बघितले दोन-चार. सगळे तुझ्यासारखेच निघाले."

"मग बरोबर आलीस परत." तो हसला. मग तिच्या अंगावर शाल नाही हे बघून म्हणाला, "काय झालं? चेहरा असा का?"

"पंप चालत नाही."

"परवा तर चालत होता. धूर निघावा तशी वाफ सोडत होता मागे. मी म्हटलं, आहे बुवा मजा, पाहुण्यांसाठी सौनासारखं घर तापवलंय." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा थांबला. "तुझी बहीण आली होती ना. तिने फोन केला मला, अंगणापर्यंत रस्ता साफ कर, दोन गाड्या येणारेत. म्हटलं, अगं पण राइया नाहीये. तर म्हणते, माहितीये."

"माहितीये म्हणाली?"

"हां. मग आली. एक नवरा-बायको बरोबर, शहरातली, अन् एक गडी, गळ्यात मफलर, हातात ते लाल दिव्याचं यंत्र, भिंती मोजत फिरत होता. ती बाई पातळ बुटांत थेट गोठलेल्या तळ्यावर गेली. मी ट्रॅक्टरमधनं बघतोय, आता आपटते की मग आपटते."

"आपटली?"

"नाही ना," ताइस्तो खेदाने म्हणाला. मग आवाज खाली आणून, "विकताय काय गं? आम्हाला आधी सांगायचं ना. शेजार कसा येतो, माणसाला धास्ती असते."

"छे," राइया म्हणाली. ते तिच्या तोंडातून इतक्या सहज निघालं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "विम्याची माणसं होती. मीच सांगितलं होतं मार्युतला."

"विम्याची," ताइस्तो म्हणाला. त्याने टोपी मागे सारली, डोकं खाजवलं, टोपी पुढे ओढली. "बरं. मग बरं." आणि तो उरलेलं अंगण साफ करू लागला, जरा जास्तच मन लावून. तिला वाटलं, त्याला कळलंय. आपण बहिणीची लाज झाकली की आपली? फसवलेल्या माणसाला आधी कसली लाज वाटते तर फसल्याची... ज्याने फसवलं तो राहतो बाजूला, आणि आपणच तोंड लपवत फिरायचं.

आत येऊन ती खिडकीशी बसली, मांडीवर रिमोट. एक बटण दाबलं असतं तर घर तापलं असतं. दाबवेना. दहा म्हणजे दहा, ते छोटंसं घर, सगळं जसंच्या तसं राहू दे, कुणाला तरी दाखवायचं आहे—पण कुणाला? ज्याला दाखवावं असं तिचं एकच माणूस होतं, लहानपणापासून एकच, आणि ते तर हे सगळं करून गेलं होतं.

ओउलूचं तिकीट मार्युतनेच दिलं होतं. वाढदिवसाची भेट, जाण्याची तारीख, येण्याची तारीख, खिडकीची जागा. 'जा, इर्मेलीकडे राहून ये, तुझी इतकी जुनी मैत्रीण, किती वर्षांत भेटली नाहीस.' राइयाचा वाढदिवस कधीही लक्षात न ठेवणारी मार्युत! किती बरं वाटलं होतं तेव्हा. इर्मेलीला तिकीट काढून दाखवलं होतं आपण, बघ, माझी बहीण बघ. आणि रोज संध्याकाळी फोन... जेवलीस का, थंडी आहे का, मजा करतेस ना, राहा गं एखादा दिवस अजून, घाई काय आहे. घाई काय आहे! त्यातला एक फोन तर तिने इथूनच, याच खोलीतून, पीठ फुगायला ठेवून केला असेल. हाताला पीठ असताना ती फोन खांद्याने कानाशी धरते. तसंच धरून तिने विचारलं असेल—थंडी आहे का गं तिकडे?

राइयाला ती दिसू लागली. दिसू नये म्हणून तिने डोळे मिटले तर जास्तच दिसू लागली. शेगडीपाशी एप्रन बांधून उभी मार्युत, पाहुण्यांना कप देते आहे, हसते आहे, तेच खळखळून. 'सध्या माझी बहीण असते इथे.' असते, म्हणाली असेल. राहते म्हणणार नाही. किंवा काहीच म्हणाली नसेल. मग गाड्या गेल्या असतील, आणि ती एकटी मागे राहिली असेल, कप धुतले, थाळी घासली, फडकं पिळून टाकलं, पिठाचा एक कण कुठे राहू दिला नाही—सगळ्या खुणा पुसल्या, मोठ्या हुशारीने पुसल्या—आणि निघताना दाराशी आली, शाल बाजूला केली, आणि बाबांनी हाताला लावलेली सवय... दहा. होल्डर. कुलूप. तिला कळलंही नसेल. रिकामं घर सोडताना जे करतात ते तिच्या हाताने केलं, कारण तिच्या हाताला हे घर रिकामंच वाटलं होतं. इथे कुणी राहतं हे तिच्या डोक्याला माहीत असेल. हाताला माहीत नव्हतं.

आणि ते तर सगळ्यात वाईट होतं. घर विकायचं, ठीक आहे, यौकोचं काही अडलं असेल, माणसं विकतात घरं. समोर येऊन बोलली असती तर भांडलो असतो, रडलो असतो, कदाचित मी हो सुद्धा म्हटलं असतं. पण पाइप फुटू नयेत म्हणून तिने आठवणीने ऊब ठेवली. पाइपांचा विचार केला. उणे सव्वीसमध्ये बाहेरगावाहून येऊन दार उघडणाऱ्या माणसाचा केला नाही. सौनातल्या फळीवर खांद्याला टेकलेलं ते ओलं डोकं राइयाला पुन्हा जाणवलं, त्याचं वजन, आणि तिने खांदा झटकला. खरोखरच झटकला, रिकाम्या खोलीत.

ती वाक्यं तयार करू लागली. 'मार्युत, पुल्ला चांगला झाला होता का?' नाही, हे फार शहाणपणाचं. 'मार्युत, मला सगळं कळलंय.' हे नाटकातलं. 'का?' नुसतं 'का?' म्हणायचं आणि गप्प बसायचं, ती काय बोलते ते ऐकत राहायचं, रडली तर रडू द्यायचं... प्रत्येक वाक्याच्या शेवटी मार्युत रडत होती, आणि ती रडायला लागली की आपण तिला समजावू लागतो, हेही राइयाला दिसत होतं. चाळीस-पन्नास वर्षं तेच होत आलं होतं. मग हे घर जाईल, आणि वर समजूतही आपणच घालायची.

फोन वाजला. मार्युत.

"काय गं, सापडला का रिमोट?" आवाज हलका, जरा जास्तच हलका.

"सापडला."

"कुठे होता?"

खिडकीबाहेर ताइस्तोचा ट्रॅक्टर फाटकातून वळत होता. राइयाच्या जिभेवर ते होतं. होल्डरमध्ये. एवढा एकच शब्द, पुढचं सगळं आपोआप आलं असतं, दोघींनाही काही करावं लागलं नसतं. पलीकडे मार्युत श्वास धरून होती. तो धरलेला श्वास इतका स्पष्ट ऐकू येत होता की राइयाला वाटलं हात लावता येईल.

"सोफ्याच्या फटीत," ती म्हणाली.

"बघ!" मार्युतने श्वास सोडला. लांब, मनापासून, ओझं उतरवावं तसा. "म्हटलं नव्हतं मी, असेल तिथेच कुठेतरी? विसरभोळी कुठली. आणि पंप?"

"बॅटरी गेली होती. घातली नवी." बोलता बोलताच अंगठा बटणावर गेला. दहा गेलं, ते छोटं घर गेलं, वीस आलं. भिंतीवरून पंपाने पीप केलं आणि झडप वर उचलली.

"आला बघ आवाज! मला इथे ऐकू आला." मार्युतला खरोखर आनंद झाला होता. "माझा जीव भांड्यात पडला, सकाळपासून नुसतं तुझंच डोक्यात होतं. जेवलीस का?"

"जेवते आता."

"गरम काहीतरी कर. आणि ऐक ना, ईस्टरला आम्ही सगळे येऊ म्हणतोय. चालेल ना?"

"विचारतेस काय?" राइया म्हणाली. "घर तुझंही आहेच की. या. मुलांनाही आण."

मार्युत हसली, राइयाही हसली, काळजी घे, तूही घे, आणि फोन बंद झाला.

राइयाला वाटलं होतं, खोटं बोलताना आवाज बदलेल, मार्युतला लगेच कळेल. तसं काही झालं नाही. आवाज रोजचाच निघाला, थोडा कुरकुरता, थोडा मायेचा. माया तर उलट जराशी जास्तच. आणि ती खोटी नव्हती... ईस्टरला मुलं येतील म्हणताना तिला आतून खरंच बरं वाटलं होतं. किती सोपं असतं हे. एक गोष्ट बाजूला ठेवायची आणि बाकी सगळं खरं बोलायचं. मार्युतलाही असंच सोपं गेलं असेल—जेवलीस का, थंडी आहे का—आणि त्या विचारण्यात काळजी असेल, असेल काय, होतीच. तिला कपटी म्हणायचं, ढोंगी म्हणायचं, दुष्ट म्हणायचं, सकाळपासून हीच तर राइयाची धडपड चालली होती, आणि आता त्यातलं काही तिला चिकटेना. तिने पुन्हा एकदा मनात कप आणले, ती पातळ बुटांतली बाई आणली, माहितीये म्हणणारा तो आवाज आणला, राग यावा म्हणून. दुःख आलं. राग काही आला नाही. आणि तिच्यावर रागावायचा हक्क, आपल्याकडे उरलेला तेवढाच, तोही आपण आत्ताच तिच्यासारखंच खोटं बोलून बहिणीला हसत हसत देऊन बसलो, हे तिला कळलं.